हंगामाचा पैसा, महिन्याचा खर्च

परदेशी शिकायला जाताना फी आणि विमानाचे तिकीट यांचा हिशोब घरोघरी नीट होतो. तिथल्या रोजच्या जगण्याचा हिशोब मात्र बहुधा अंदाजावर सोडला जातो. जालना जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबाला हा अंदाज बांधणे अधिक अवघड जाते, कारण तिथे पैसा हंगामाने येतो. कापूस, सोयाबीन किंवा मोसंबी विकली की किराणा दुकानाची उधारी फिटते आणि पुढच्या हंगामापर्यंत खाते चालू राहते. परदेशात असे खाते नसते. भाडे, विमा आणि फोनचे बिल दर महिन्याला ठरल्या तारखेला भरावेच लागते.

जर्मनीचे उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होते. सप्टेंबर 2024 पासून तिथल्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो एका बंद खात्यात आधीच दाखवावे लागतात. युरो शंभर रुपयांचा धरला, तर ही रक्कम बारा लाखांच्या घरात जाते. ती एकदम हाती पडत नाही. महिन्याला 992 युरोच काढता येतात.

या 992 युरोंत काय बसते? एखाद्या मध्यम शहरात वसतिगृहाची खोली 400 युरोंना मिळाली, असे समजू. विद्यार्थ्याचा आरोग्य विमा सक्तीचा असून त्याला सुमारे 150 युरो लागतात. किराण्याला 200 आणि फोनला 15 युरो धरावेत. देशभर लोकल गाड्या आणि बस यांना चालणारा मासिक पास जानेवारी 2026 पासून 63 युरोंचा झाला आहे. शिवाय रेडिओ-टीव्हीचे शुल्क दर घरामागे 18.36 युरो असते. घरात टीव्ही नसला तरी ते सुटत नाही. बेरीज 846 युरोंवर जाते. उरलेल्या 146 युरोंत कपडे, पुस्तके आणि आजारपण भागवावे लागते. म्युनिकसारख्या महागड्या शहरात मात्र खोलीलाच 700 युरो लागू शकतात, आणि मग हे गणित कोलमडते.

पहिला महिना सर्वांत जड जातो. घरमालक डिपॉझिट म्हणून तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी रक्कम मागू शकतो. खोली रिकामी असेल तर गादी, दिवा आणि भांडीही विकत घ्यावी लागतात. बंद खात्यातले पैसे तिथे पोहोचून बँक खाते उघडल्यावरच सुरू होतात. म्हणून या महिन्याची तरतूद वेगळी करावी.

खर्च आटोक्यात राहतो तो स्वयंपाकाने. कुकर, येसर आणि काळा मसाला बॅगेत जागा अडवत असला, तरी पुढे बाहेरच्या जेवणाचे पैसे वाचवतो. तूप आणि पेढे मात्र नेता येत नाहीत. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणण्यास प्रवाशांना बंदी आहे. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीमागे 25 सेंट अनामत घेतली जाते, ती बाटली दुकानात परत केली की मिळते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे खरेदी शनिवारीच उरकावी लागते.

विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे. तरीही ही कमाई सुरुवातीच्या हिशोबात धरू नये, कारण भाषा येईपर्यंत काम मिळायला वेळ लागतो. शैक्षणिक कर्ज घेतले असेल तर हप्ता नंतर सुरू होतो, पण व्याज शिक्षण चालू असतानाही चढत असते.

घर सोडण्यापूर्वी तीन आकडे कागदावर हवेत: दर महिन्याचा खर्च, पहिल्या महिन्याचा जादा खर्च आणि अडचणीत परतीच्या तिकिटाला पुरेल एवढी शिल्लक. व्हिसासाठी दाखवलेली रक्कम ही किमान गरज असते. कुटुंबाचा खरा हिशोब या तीन आकड्यांचाच असतो, आणि तो मुलाने व आईवडिलांनी एकत्र बसून करावा.