पगारचिठ्ठीतले १२० रुपये

आमच्या भोसरीच्या घरात वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपे भाड्याने राहते. मुलगा लातूर जिल्ह्यातला, चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला. गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी तो खाली आला आणि उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "काका, तुम्ही बँकेत होता ना? हिला पाचवा महिना आहे. ते पाच हजार मिळतात म्हणतात, ते कुठल्या बँकेत मिळतात?"

बँकेत नव्हे, अंगणवाडीत जा, एवढे सांगून मला मोकळे होता आले असते. पण सवय वाईट. कर्ज मागायला आलेल्याची आधी पगारचिठ्ठी पाहायची, हे तीस वर्षांचे वळण. त्याने मोबाइलवर दाखवली. पगार १६,०००. कपातीच्या रकान्यात ईएसआयचे १२० रुपये.

"हे कशाचे?"

"कटतात, काका. सगळ्यांचेच कटतात."

हे कटणारे पैसे म्हणजे कामगार राज्य विम्याचा हप्ता. दरमहा एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के. त्यात बायकोची तपासणी, औषधे, बाळंतपण, सगळे येते. आणि हा गृहस्थ सोनोग्राफी आणि रक्ततपासणीचे पैसे पाच महिने खिशातून भरत होता! विम्याचे रुग्णालय चिंचवडला मोहननगरात. कंपनीची बस पकडायला हा रोज पहाटे चालत जातो, त्यापेक्षा थोडे लांब, इतकेच. पण त्याला ते कोणी सांगितले नव्हते. ठेकेदाराने नाही, कारखान्याने नाही, आणि दोन वर्षे त्याच्याकडून भाडे घेणाऱ्या मीही नाही.

शिवाय पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे उदगीरकडे व्हायचे. तिथे विम्याची सोय जवळ नसेल तर प्रसूतिखर्चापोटी साडेसात हजार रुपये मागता येतात. हे ऐकल्यावर मात्र तो उंबऱ्यातून आत येऊन खुर्चीत बसला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको कागदांची पिशवी घेऊन आली. पाच हजारांची योजना म्हणजे प्रधानमंत्री मातृवंदना, २०१७ सालची. पात्र कुटुंबातील पहिलटकरणीला दोन हप्ते : नोंदणी आणि एक तपासणी झाली की तीन हजार, जन्मनोंद आणि पहिल्या लसी झाल्या की दोन हजार. दुसरी मुलगी झाली तर एकदम सहा हजार. पैसे आईच्याच, आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. इथेच घोडे पेंड खाते. आधारवर तिचे माहेरचे नाव, पासबुकावर सासरचे, आणि रेशनकार्डावर तिचे नावच नाही. लग्नात मुलीचे नाव बदलायची आपली हौस दांडगी, पण ते बदललेले नाव कागदोपत्री नेताना मात्र तिने एकटीने रांगेत उभे राहायचे.

ती पिशवी पाहताना मी थोडा ओशाळलो. असे कागद 'नाव जुळत नाही' असा शेरा मारून मीच किती परत केले असतील! आणखी एक आठवण वर आली. १९९०च्या सुमारास माझ्या शाखेत एक कॅशियर बाई होती. मूल चार महिन्यांचे. ते शेजारणीकडे ठेवून यायची आणि दुपारी त्याला पाजायला जाण्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकायची. रजा संपत आल्यावर मी तिला बोलावून समज दिली. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा त्यासाठी वेळ द्यायचा, हे १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात लिहिलेलेच होते. तिला ते ठाऊक नव्हते. मलाही नव्हते, आणि मी तर तिचा साहेब. पुढे तिने बदली मागून घेतली.

आता कायदा पुष्कळ पुढे गेला आहे. तेव्हाचे बारा आठवडे २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस झाले, पन्नास कामगार असतील तिथे पाळणाघर आले. नोव्हेंबर २०२५ पासून हे सारे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले, तरतुदी राहिल्या. बापाला मात्र खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसही नाही; केंद्र सरकारच्या नोकराला पंधरा दिवस मिळतात.

पूर्वी पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली तेव्हा नोकरीबरोबर वसाहत आली, आणि वसाहतीबरोबर चार जाणत्या बायका. कुठल्या दवाखान्यात जायचे, डिंकाचे लाडू कधी करायचे, हे भिंतीपलीकडून कळायचे. चाकणच्या खोल्यांत भिंतीपलीकडेही कालच गावाहून आलेले जोडपे असते. नवरा रात्रपाळीला, आणि ही एकटी, कडी लावून.

भोसरीच्या अंगणवाडीतल्या ताईंनी तिची नोंद केली, माता-बाल कार्ड दिले. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना डॉक्टर मोफत तपासतात, आणि आणायला १०२ क्रमांकाची गाडी फुकट येते, हेही त्यांच्याकडूनच कळले. माझ्या यादीत ते नव्हते. दुपारी ती आमच्या हिच्याजवळ येऊन बसू लागली. एकदा उगीचच रडली. बाळंतपणाच्या आगेमागे असे होते, चार दिवसांत ओसरले नाही तर डॉक्टरांना सांगायचे, आणि १४४१६ वर मराठीत बोलता येते, हे मी कागदावर लिहून दिले. तो कागद तिने कार्डाच्या घडीत ठेवला.

नाव जुळवायला सहा आठवडे लागले. तीन हजार जमा झाल्याचा निरोप नवऱ्याच्या मोबाइलवर रात्रपाळीत आला. त्याने सकाळी सातला बेल वाजवून आम्हाला उठवले. मार्चमध्ये उदगीरला मुलगी झाली. साडेसात हजारांचा अर्ज दिला आहे. दुसऱ्या हप्त्यासाठी जन्मदाखला आला, पण त्यावर आईचे नाव माहेरचे पडले आहे. येत्या सोमवारी आम्ही दोघे पुन्हा जाणार आहोत.