गड की गाव? पन्हाळ्याची गोष्ट

आज लोहाऱ्यात बसून आपण पन्हाळ्याविषयी बोलणार आहोत. यवतमाळ जिल्ह्यातून कोल्हापूर लांब पडतं, पण डोंगर चढणं आपल्याला नवं नाही. आपण माहूरला जातो, रेणुकामातेचं दर्शन घेतो आणि संध्याकाळी खाली उतरतो. मग आमच्यापुढे प्रश्न असा की, काही माणसं डोंगरावर घरच का बांधतात? आणि ज्या भीतीने ती वर गेली ती भीती संपल्यावरही खाली का येत नाहीत?

भीती हे पहिलं कारण, आणि ते सगळीकडे सारखं. दक्षिण फ्रान्समध्ये कोर्द नावाचं छोटं गाव टेकडीच्या माथ्यावर आहे. धर्मयुद्धाच्या धामधुमीत, १२२२ मध्ये, तुलूझच्या सातव्या रेमों या सरदाराने ते वसवलं. पन्हाळा त्याहून थोडा जुना. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातल्या दुसऱ्या भोजाने बाराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ९७५ मीटर, कोल्हापूरपासून अंतर वीसेक किलोमीटर. देशावरून कोकणात उतरणाऱ्या वाटांवर इथून नजर ठेवता येई. म्हणून यादव, बहमनी, आदिलशाही, मराठे, मोगल, सगळ्यांना तो हवा होता.

पण नुसत्या उंचीवर माणूस जगत नाही. त्याला पाणी लागतं, धान्य लागतं. आता पाण्याचं बघा. पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभ्याचा थर आहे आणि त्याखाली काळा पाषाण. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी तो मुरवून घेतो. खालचा पाषाण ते पाणी सहजी खाली जाऊ देत नाही. त्यामुळे एवढ्या उंचावरही विहिरी आणि तळी टिकतात. तिथली अंधारबाव तर तीन मजली आहे. तळाशी पाणी, वर पहाऱ्याची जागा, बाहेर पडायला चोरवाट. म्हणजे विहिरीलाच गढी केलेली! वेढा घालणारा शत्रू आधी पाणी नासवतो, हे बांधणाऱ्याला ठाऊक होतं. धान्यासाठी अंबरखाना आहे, गंगा, यमुना आणि सरस्वती नावांची तीन प्रचंड कोठारं.

ही व्यवस्था कसाला लागली १६६० मध्ये. सिद्दी जौहरने मार्चपासून वेढा घातला. शिवाजी महाराज जुलैपर्यंत वर अडकले होते आणि मग पावसाळी रात्री विशाळगडाकडे निसटले. शिवा काशीद आणि बाजीप्रभू यांचं बलिदान आपण शाळेपासून ऐकत आलो. त्यात एक गोष्ट मात्र सुटते. चार महिने गड तगला, तो तटाइतकाच कोठारांवर आणि विहिरींवर तगला. पुढे तो तहाने आदिलशाहीला द्यावा लागला, आणि १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ माणसांनिशी परत घेतला.

पुढे ताराबाईंच्या काळात पन्हाळा राजधानी झाला. राजधानी आली की कारकून, पुराणिक, सोनार, वाणी, सगळेच येतात. कवी मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये इथलाच. १७८२ मध्ये राजधानी कोल्हापूरला हलली. १८४४ मध्ये गडकऱ्यांनी बंड केलं, इंग्रजांनी ते मोडलं आणि चार दरवाजा पाडून टाकला. म्हणजे राज्य गेलं, लढाई गेली, दरवाजाही गेला. माणसं मात्र राहिली. का? तर पाणी होतं, हवा चांगली होती, घरं होती, देव होते.

आज पन्हाळ्याला नगरपरिषद आहे. लोकवस्ती तीन हजारांच्या आसपास. एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत वर जाणारा मुख्य रस्ता खचला आणि गावाची गाडीवाट तुटली. पूर्वी शत्रूची वाट अडवणारा डोंगर आता आजाऱ्याची, दूधवाल्याची वाट अडवू लागला.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा मानलं. त्यात पन्हाळाही आहे. आनंद आपल्या सर्वांना झाला. पण त्याच सुमारास पन्हाळकरांनी चिंताही बोलून दाखवली: उद्या घराची भिंत दुरुस्त करायला परवानगी मिळेल ना?

आम्हाला ही चिंता क्षुल्लक वाटत नाही. वारसा कशाला म्हणायचं, हाच तिच्यातला प्रश्न आहे. अंबरखाना जपायलाच हवा, तटाला लागून सिमेंटचे मजले चढू नयेत, हेही खरं. पण अंबरखाना बांधला तो वर राहणाऱ्यांच्या पोटासाठी. माणसं खाली उतरली तर ती तीन रिकामी दालनं उरतील. तेव्हा नियम करताना पन्हाळकरांना आधी विचारावं, एवढंच आमचं म्हणणं. पुढच्या वेळी तिथे गेलात तर तटाबरोबर एखादी विहीरही बघा, आणि तिचं पाणी अजून कोण भरतं, तेही विचारा.