दाव्याची भाषा

समाज बदलण्यासाठी झालेले मराठी लेखन म्हटले की 'गुलामगिरी', 'स्त्री-पुरुष तुलना', 'मूकनायक' ही नावे पुढे येतात. पण जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेले निवेदन साहित्याच्या चर्चेत क्वचितच दिसते. तो पडला अर्ज! त्यात आवेश कमी आणि हिशेब जास्त आहे. महसूल रयतेच्या श्रमातून येतो, शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या वाट्याला जातो. तेव्हा बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. वाचणारा कोण आणि त्याने नेमके काय करायला हवे, हे फुल्यांना पक्के ठाऊक होते.

हाच लेखनप्रकार आज गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यात जिवंत आहे, वनहक्काच्या दाव्यांच्या रूपाने. कायदा २००६ चा, नियम २००८ चे. २०१२ च्या दुरुस्तीने 'नमुना क' आला आणि गावाने परंपरेने राखलेल्या, वापरलेल्या जंगलावर सामूहिक हक्क मागण्याची वाट स्पष्ट झाली. दावा ग्रामसभा मंजूर करते, मग तो उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. म्हणजे या लेखनाचा वाचक टेबलावर फायलींचा ढीग असलेला आणि बहुधा ते जंगल न पाहिलेला अधिकारी असतो. त्याचे मन वळवायचे आहे. तेंदूपत्ता, मोहफूल, बांबू कोणी गोळा करायचा आणि कोणी विकायचा, हे त्यावर ठरते.

नियमांनुसार एकाहून अधिक पुरावे लागतात. इथे पूर्व विदर्भाला एक जुना ठेवा कामी येतो. हा मुलूख मध्य प्रांतातला, मालगुजारीचा. मालगुजारी १९५१ साली गेली आणि गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क निस्तार पत्रकात नोंदले गेले: जळण कुठून आणायचे, गुरे कुठे चारायची. वाजिब-उल-अर्जमध्ये तलावाचे पाणी, मासेमारी यांचे रिवाज उतरले. माजी मालगुजारी तलावांना इथे 'मामा तलाव' म्हणतात. त्यांच्यावर जगणाऱ्या ढीवर कुटुंबांसाठी ती नोंद मोलाची आहे. सरकारने आपल्या सोयीसाठी लिहून ठेवलेला कागद गावाच्या बाजूने साक्ष देतो. असा साक्षीदार खोडणे अवघड!

दुसरा पुरावा वडीलधाऱ्यांच्या जबाबाचा. दावेदार सोडून इतर जाणत्या माणसांचे सांगणे लिहून घेतले, तर नियम ते ग्राह्य धरतात. खरी गंमत आणि खरी अडचण इथेच आहे. समजा, एका जबाबात लिहिले की 'आमचे पूर्वज अनादी काळापासून सदर वनावर अवलंबून आहेत'. वाक्य भारदस्त आहे, पण कुठल्याही गावाला लागू पडते. त्याऐवजी म्हातारी म्हणाली, 'नाल्यापलीकडच्या तीन मोहांखाली माझी सासू टोपली घेऊन जायची, नंतर मी गेले', तर अधिकाऱ्याला नाला शोधता येतो, मोह मोजता येतात. लिहून घेणारा शिकलेला तरुण मात्र तिचे बोलणे 'शुद्ध' करायला जातो आणि पुरावाच पुसून टाकतो. झाडीबोलीतले शब्द, देवस्थानांची, पाणवठ्यांची, वाटांची गावातली नावे कागदावर जशीच्या तशी यायला हवीत. माझ्या मते दावा फसतो तो पुष्कळदा या अलंकारिक सरकारी मराठीने.

शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला. मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची'मुळे ते मराठी वाचकांना परिचित आहे. तिथली वर्षानुवर्षांची अभ्यासगटांची सवय दाव्याच्या कागदांआधीची आहे, हे विसरून चालत नाही.

बिगर-आदिवासी वननिवासींची वाट अधिक बिकट आहे. त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. हिशेब १९३० पर्यंत मागे जातो. तिथपर्यंत कुणाची आठवण पोहोचत नाही. मग आजोबांकडून ऐकलेले आणि जुन्या दप्तरातले यांचा सांधा जुळवावा लागतो. ग्रामसभेचा ठराव पटला नाही, तर साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते, आणि तो अर्जही पुन्हा लिहावाच लागतो.

मालगुजारी गेली तेव्हा दहा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. ज्या गावांचा 'नमुना क' अजून भरलेला नाही, तिथे जबाब घ्यायचे काम याच हिवाळ्यात, धानाची मळणी आटोपताच, हाती घ्यायला हवे.