स्टीमपंक पॉड : घरच्या भूतबंगल्यासाठी

स्टीमपंक : वाफेच्या इंजिनांच्या व्हिक्टोरियन काळावर बेतलेली कल्पित यंत्रसृष्टी. शब्द १९८७चा, लेखक के. डब्ल्यू. जेटर यांचा.

पॉड : प्रेक्षकाला बसवून अंधारातून नेणारी बैठक. गाजलेला नमुना डिस्नीलँडच्या ‘हाँटेड मॅन्शन’ या भूतबंगल्यातला (१९६९), तिथल्या ‘डूम बग्गी’ चालता चालता दृश्याकडे वळतात.

बांधणी : अमेरिकेत हॅलोविनला, ३१ ऑक्टोबरला, हौशी लोक गॅरेजमध्येच भूतबंगला उभारतात. त्यातल्या पॉडचा सांगाडा लाकडी, वर प्लायवूड, पाइप पीव्हीसीचे. आधी काळा रंग. तो वाळल्यावर तांब्या-पितळेचा रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर आणि रिव्हेटच्या डोक्यांवर घासायचा. खाचांत काळा राहतो, म्हणूनच प्लास्टिक जुन्या धातूसारखं दिसतं. सगळी करामत इथेच.

सुरक्षा : पॉडचं दार आतून सहज उघडणारं हवं.