जवारीची कसोटी

महागडा इन-इअर इयरफोन पारखायला घेतला, की मी त्यावर आधी गाणं लावत नाही. नुसता तानपुरा लावतो, काळी एकला मिळवलेला. खर्जाच्या तारेचा मूळ स्वर 69 हर्ट्झच्या आसपास असतो, पण कान भरतो तो त्याच्यावर उमटणाऱ्या उपस्वरांनी. त्यातलाच एक स्वयंभू गंधार. तार घोडीच्या वक्र पाठीला घासत कंप पावते, हीच जवारी, म्हणून एरवी दबून गेले असते ते उपस्वरही तानपुऱ्यात जिवंत राहतात. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये यावर लिहिलं होतं. इयरफोनची परीक्षा घ्यायला इतकं अवघड आणि इतकं ओळखीचं वाद्य मला दुसरं सापडलेलं नाही. खालचा आवाज फुगवलेला असेल तर खर्ज नुसता घुमतो आणि गंधार त्याखाली गाडला जातो. वरचा भाग चढवलेला असेल तर जवारी पत्र्यासारखी किरकिरते.

अर्थात त्याही आधी टिप. कानात जाणारी ही रबरी टोपी नीट बसली नाही तर खालचे स्वर गळून जातात आणि दोष इयरफोनच्या माथी येतो. ती बसल्याची खूण सोपी आहे: खोलीतल्या पंख्याचा आवाज एकदम दबतो. टिप किती खोल जाते यावरही बरंच ठरतं. बंद झालेल्या कानाच्या नळीत साधारण 8 किलोहर्ट्झजवळ आवाजाला एक उठाव मिळतो, आणि टिप आतबाहेर सरकली की तो उठावही जागा बदलतो. त्यामुळे एकाला गोड वाटणारा इयरफोन दुसऱ्याला टोचतो, आणि दोघंही खरंच सांगत असतात. दुसऱ्याच्या कानांवर विसंबून लाखभर रुपये घालू नयेत, असं मी म्हणतो ते यामुळेच.

दोन इयरफोनची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम. एक किलोहर्ट्झचा सूर लावून, मोजून, दोन्ही जुळवावे लागतात. एखादा डेसिबल वर असलेला इयरफोन मोठा वाजतोय हे लक्षातच येत नाही. तो अधिक स्वच्छ, अधिक भरीव वाटतो, आणि निकाल तिथेच चुकतो. डोळे बांधून परीक्षा घ्यावी तर तीही सोय नाही, कारण कानात घालताच कोणता आहे ते स्पर्शाने कळतं. म्हणून मी घाईने अदलाबदल करत नाही. नवा काही दिवस सलग वापरतो आणि मग जुना कानाला लावतो. नव्यात काय होतं आणि काय नव्हतं, ते तेव्हा नीट उमगतं.

मग तबला. द्रुत लयीत तिरकिटची अक्षरं सुटी राहतात का? डग्ग्यावर मनगट दाबत नेलं की स्वर वर चढताना ऐकू येतो, की नुसता धक्का बसतो? चाटेवरचा ‘ना’ कोरडा आणि नेमका येतो का? बैठकीत पुढे बसून ऐकलेल्या माणसाला हे क्षणात कळतं. गायकाचे ‘श’ आणि ‘स’ टोचतात का, ते मी शेवटी पाहतो.

राहता राहिली किंमत. संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी 2017 मध्ये 283 हेडफोनच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. किंमत आणि स्वरांचा समतोल यांत त्यांना काही नातं आढळलं नाही. आत आवाज निर्माण करणारे ड्रायव्हर किती, हे मोजण्यातही अर्थ नाही. 2021 मध्ये 1299 डॉलरला बाजारात आलेल्या सेनहायझर आयई 900 मध्ये एका कानाला 7 मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर आहे. त्याच्या शेजारी दहा-दहा ड्रायव्हरवालेही विकले जातात. जास्तीचा पैसा जातो तो घडणीत, डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळवण्यात, धातूच्या कामात, केबलमध्ये. त्या कारागिरीचं मोल मी नाकारत नाही. पण 25 हजारांच्या पुढे मला मिळालेली सुधारणा बारीक होती, आणि ज्यांना ती रोज ऐकायची आहे त्यांनीच तेवढे पैसे मोजावेत. बाकीच्यांनी आधी दोन-तीन मापांच्या चांगल्या टिप घ्याव्यात, आणि इयरफोन घरी वापरून पाहून परत करता येईल अशाच दुकानातून घ्यावा.