कोंबड्यांसाठी एक हिरवा वाफा

दसरा-दिवाळीला दारावर चढणारा झेंडू आणि अंड्यातला पिवळा बलक यांचा रंग एकाच कुळातला आहे. झेंडूच्या पाकळ्यांत ल्युटीन हे पिवळे रंगद्रव्य असते. अंड्याचा बलक गडद यावा म्हणून कोंबडीखाद्यात झेंडूचा अर्क मिसळतात तो त्यामुळेच. हा रंग कोंबडीला स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही. चोचीतून जे पोटात जाते तेच बलकात उतरते. पिवळ्या मक्यात हे रंगद्रव्य असते, हिरव्या पाल्यात तर भरपूर असते. पांढरी ज्वारी, बाजरी आणि तांदळाची कणी यांत मात्र ते नगण्य. म्हणून खुराड्यात कोंडून नुसत्या ज्वारीवर किंवा कणीवर ठेवलेल्या कोंबडीचा बलक फिकट पडतो. रंगाबरोबर पाल्यातून बीटा कॅरोटीनही मिळते आणि त्यापासून कोंबडीचे शरीर अ जीवनसत्त्व बनवते. परसात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्याने त्यांच्यासाठी एक वाफा राखावा, असे माझे म्हणणे आहे. मात्र हा पाला दाण्याऐवजी द्यायचा नाही. दाण्यात जे नाही ते भरून काढण्यासाठी द्यायचा.

हा भेद महत्त्वाचा का, ते हिशेबाने कळते. भरपूर अंडी देणारी कोंबडी दिवसाला सुमारे 110 ग्रॅम खाद्य खाते आणि त्यातून तिला 17-18 ग्रॅम प्रथिने लागतात. आता अझोला ही पाण्यावर तरंगणारी वनस्पती पाहा. सुकवलेल्या अझोलात 20 ते 25 टक्के प्रथिने असतात, म्हणून त्याचे फार कौतुक होते. पण ताज्या अझोलात 93 टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. म्हणजे 100 ग्रॅम ओल्या अझोलातून जेमतेम दीड ग्रॅम प्रथिने मिळणार. फक्त त्यावर गरज भागवायची तर कोंबडीला रोज किलोभराहून अधिक अझोला खावा लागेल, आणि तेवढा तिच्या पोटात मावणारच नाही. कॅल्शियमचेही तेच. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. ते पाल्यातून पुरे पडत नाही, शिंपल्यांचा चुरा ठेवावाच लागतो. शिवाय गाईसारखे तंतुमय चाऱ्यावर जगणारे पोट कोंबडीला नाही. म्हणून धान्य, पेंड आणि चुरा हा पाया कायम ठेवून वर मूठ-दोन मुठी कोवळा पाला द्यावा.

काय लावावे हे ऋतूवर ठरते. पावसाळ्यात माठ, चवळी आणि आपोआप उगवणारी घोळ. हिवाळ्यात मेथी आणि लसूणघास. खरी अडचण उन्हाळ्याची. त्या दिवसांत शेवगा आणि हादगा आधाराला येतात. शेवगा कमी पाण्यावर तग धरतो, छाटला की पुन्हा फुटतो, आणि त्याच्या 100 ग्रॅम ताज्या पाल्यात सहा ग्रॅमांहून अधिक प्रथिने असतात. सावलीत वीतभर पाण्याचा हौद करता आला तर अझोलाही टिकतो. पालक, माठ आणि घोळ यांत ऑक्झॅलेट असते, ते कॅल्शियम बांधून ठेवते. म्हणून एकाच भाजीवर भर न देता पाला आलटून पालटून द्यावा. सुबाभूळ प्रथिनांनी समृद्ध असली तरी तिच्यातल्या मिमोसिन या विषारी घटकामुळे ती टाळलेली बरी. कण्हेर, घाणेरी, धोतरा आणि एरंड कोंबड्यांच्या वाटेत नकोतच.

वाफा उघडा ठेवला तर कोंबड्या दोन दिवसांत उकरून मुळे वर काढतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी. ती वाफ्यावर वीतभर उंच ठेवली की जाळीबाहेर आलेले शेंडे कोंबड्या खुडतात आणि खालचे खोड शाबूत राहून पुन्हा फुटते. कापून द्यायचा पाला बारीक चिरावा, कारण लांब चिवट काड्या गळ्याजवळच्या पिशवीत अडकून बसतात. पाला दळणारे दात कोंबडीला नसतात. ते काम पोटातला स्नायूंचा कोठा करतो, त्यासाठी बारीक खडी हवी. कोंबड्यांच्या विष्ठेत नत्र फार असल्याने ती वाफ्यात ताजी घातली तर रोपे करपतात. कुजवून घातली तर उत्तम खत होते.

कोणी म्हणेल, मोकळ्या कोंबडीला पाला लावून द्यायची काय गरज? ती आपले आपण शोधून खाते. ऐन पावसाळ्यात, मोठ्या परसात हे खरे आहे, आणि तिथे ती किडेही टिपते. पण कुंपणातल्या, फरशी घातलेल्या अंगणात, किंवा रान वाळून गेलेल्या महिन्यांत ती काय शोधणार? दुसरा आक्षेप असा की, गडद बलक म्हणजे अधिक पौष्टिक अंडे नव्हे. बरोबर आहे; रंगावरून प्रथिने मोजता येत नाहीत, आणि नुसत्या अर्कानेही रंग येतो. पण घरच्या वाफ्यातला पाला रंगापुरता थांबत नाही, त्याच्याबरोबर इतर पोषकेही पोटात जातात. त्याच न्यायाने, बाजारातल्या झेंडूच्या सुकलेल्या माळा कोंबड्यांपुढे टाकू नयेत. त्यांवर कीटकनाशक फवारलेले असू शकते. घरच्या, न फवारलेल्या फुलांच्या पाकळ्या खुशाल द्याव्यात.

या कामाला मुहूर्तही दिवाळीचाच आहे. लसूणघास ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात. पहिली कापणी सुमारे 50 ते 55 दिवसांनी येते आणि पुढे महिन्याभराच्या अंतराने ती कापत राहता येते. दिवाळीचे दिवे विझले की वाफा तयार करावा, बी टाकावे. संक्रांतीच्या सुमारास कोवळा पाला खुराड्यापुढे पडेल, आणि बलक वाढायला लागतात ते दहाएक दिवस गेले की पुढच्या अंड्यांत त्याचा रंग उतरलेला दिसेल.