आज्ञावली घडविताना उणी पडणारी साधने

ज्या शाळेतील संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली चालते, तेथील शिक्षकांवर केव्हा ना केव्हा एक प्रसंग येतो. मुलांना चित्रे काढण्यासाठी उपयुक्त असलेल्या टक्स पेन्टसारख्या आज्ञावलीची नवी आवृत्ती हवी असते. ती तयार स्वरूपात मिळत नाही, म्हणून तिचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लेखन, आणून ती संगणकावरच घडवावी लागते. पहिली आज्ञा देताच पडद्यावर तक्रार उमटते आणि काम थांबते. यंत्र बिघडले असे समजून काही जण प्रयत्न सोडतात. काही जण सारी कार्यप्रणाली पुसून पुन्हा बसवितात आणि त्यात विद्यार्थ्यांनी वर्षभर साठविलेले काम नाहीसे होते. वास्तविक या दोहोंपैकी कशाचीच आवश्यकता नसते.

सोर्स कोड माणसाला वाचता येतो, परंतु प्रोसेसरला तो थेट कळत नाही. त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनास कंपायलर म्हणतात. लिनक्सवर बहुधा वापरला जाणारा जीसीसी हा कंपायलर रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू प्रकल्पातून १९८७ साली प्रथम बाहेर आला. कोणती फाइल केव्हा रूपांतरित करावयाची हे ठरविणारे मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल प्रयोगशाळेत रचले. उबुंटूसारख्या वितरणांत आज्ञावल्या घडविलेल्या स्वरूपातच मिळतात. म्हणून ही साधने सहसा आरंभी बसविलेली नसतात. ज्या घरी पीठ तयार येते, त्या घरी जाते नसते; त्यात उणेपणा काही नाही. दळावयाचे ठरले की जाते आणावे लागते, इतकेच.

येथे मुख्य नियम असा की, पडद्यावरील पहिली तक्रार वाचावी, शेवटची नव्हे. एका साधनाच्या अभावी पुढे अनेक तक्रारी ओळीने उमटतात. पहिलीचे निवारण होताच बाकीच्या पुष्कळदा आपोआप नाहीशा होतात.

तक्रारीचे प्रकार मुख्यतः तीन आहेत.

पहिला प्रकार : मेकचे नाव देऊन ‘कमांड नॉट फाउंड’ असे उत्तर येते, किंवा कॉन्फिगर ही तपासणी करणारी आज्ञावली सी भाषेचा योग्य कंपायलर सापडला नाही असे सांगून थांबते. याचा अर्थ साधनच नाही. डेबियन व उबुंटू यांवर बिल्ड-इसेन्शियल नावाचे पॅकेज बसविले असता जीसीसी, मेक आणि सी भाषेच्या मूलभूत हेडर फाइली एकत्र मिळतात. त्यासाठी प्रथम ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि नंतर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’ या आज्ञा द्याव्या. फेडोरावर ‘सुडो डीएनएफ इन्स्टॉल जीसीसी मेक’ ही आज्ञा चालते. येथे उच्चारानुसार दिलेली नावे प्रत्यक्षात रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित करावयाची असतात.

दुसरा प्रकार : कंपायलर चालू होतो, परंतु ‘डॉट एच’ ने संपणारी एखादी फाइल सापडत नाही असे सांगतो. येथे साधन आहे, पण एखाद्या लायब्ररीची हेडर फाइल नाही. टक्स पेन्टला एसडीएल ही लायब्ररी लागते. तयार आज्ञावली चालविण्यास लायब्ररी पुरते. नवी घडविण्यास मात्र तिच्या हेडर फाइलीही लागतात, आणि त्या वेगळ्या पॅकेजात असतात. अशा पॅकेजाच्या नावाअखेर डेबियनवर ‘डेव्ह’ आणि फेडोरावर ‘डेव्हेल’ हे शब्द असतात.

तिसरा प्रकार : कॉन्फिगर ही फाइलच नसते. काही आज्ञावल्यांत ती मुळातच नसते. टक्स पेन्ट केवळ मेकने घडते. इतर काहींचा सोर्स कोड रचनाकारांच्या कामाच्या साठ्यातून घेतलेला असल्यास ऑटोकॉन्फ व ऑटोमेक ही साधने बसवून ती फाइल निर्माण करावी लागते. यांपैकी काय करावयाचे ते सोबतच्या रीडमी किंवा इन्स्टॉल या फाइलीत लिहिलेले असते. ती आधी वाचावी.

तक्रार संदिग्ध वाटल्यास कॉन्फिगरने मागे ठेवलेली ‘कॉन्फिग डॉट लॉग’ ही फाइल उघडावी. कोणती तपासणी कोठे फसली, याची नोंद तीत असते. उणे साधन बसविल्यावर कॉन्फिगर पुन्हा चालवून मगच मेकची आज्ञा द्यावी.

काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. तयार पॅकेज उपलब्ध आहे काय, हे प्रथम पाहावे. साधने वितरणाच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्यावी. सुडो या शब्दाने संगणकाचा सर्वाधिकार मिळतो. म्हणून तो केवळ बसविण्याच्या आज्ञेपुरता वापरावा, घडविण्याच्या आज्ञेस लावू नये. कोठून तरी उतरविलेली, अर्थ न कळलेली आज्ञा तर कधीही देऊ नये. विद्यार्थ्यांच्या कामाची प्रत आरंभीच दुसऱ्या साठवणीत ठेवावी. गावात इंटरनेट अनियमित असल्यास ते उपलब्ध असेल त्याच दिवशी सर्व साधने बसवून घ्यावी.

भागाकार चुकला तर शिक्षक पाटी पुसावयास सांगत नाहीत; पायरी कोठे चुकली ते शोधावयास लावतात. संगणकाची तक्रारही त्याच रीतीने वाचली, तर बाहेरच्या माहीतगाराची वाट पाहत शाळेचा संगणक महिनोन् महिने झाकून ठेवावा लागणार नाही.